आईच्या दगडावरची ओळ

बुधवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी दादाने पत्र परत केलं. सही नव्हती. मजकुराखाली मात्र त्याने पेन्सिलीने एक ओळ वाढवली होती: 'अर्जदाराची आई ज्यू नाही, सबब धर्मनियमानुसार अर्जदार ज्यू नाही.'

"एवढी ओळ घालून पत्र नव्याने टाइप करून आण," तो भिंगरीला म्हणाला. "लगेच सही करतो. शिक्काही मारतो."

भिंगरीने ओळ वाचली, कागद उलटा करून पाठ पाहिली, जणू मागे आणखी काही लिहिलेलं असावं, आणि तो पाण्याने भिजलेल्या पाटावर ठेवू लागली. दादाच्या बहिणीने, मधलीने, तो वेळेवर उचलला. दगडाच्या कामाच्या जागी कागद कुठे ठेवायचा हे तिला चाळीस वर्षांच्या सवयीने ठाऊक होतं.

कारखाना म्हणजे घरामागचा पत्र्याच्या छपराचा लांबट गाळा. एका बाजूला न कोरलेले दगड भिंतीला टेकून उभे, दुसऱ्या बाजूला खिडकीखाली मधलीचं उतरतं टेबल. ज्यू दफनभूमीतले दगड तीन पिढ्या या गाळ्यातून जात होते. दादा आणि मधलीचे वडील, आबा, होते तोवर मांडणीही तेच करत आणि कोरतही तेच. ते गेल्यावर कामाची वाटणी झाली: मधलीने खाकी कागदावर पूर्ण मापाची अक्षरं काढायची, दादाने ती दगडावर उतरवून कोरायची. एकोणीस वर्षांत तिच्या अक्षरात त्याने एक रेघ बदलली नव्हती. बाकी प्रत्येक गोष्टीत तो तिच्या चुका काढत असे.

"काका, वकिलातीतल्या त्या ऑफिसला माझा धर्म नकोच आहे," भिंगरी म्हणाली. "एक आजोबा किंवा एक आजी ज्यू असली तरी पुरे, असा त्यांचा कायदा आहे. आबा ज्यू होते, आपल्या दफनभूमीत आहेत, एवढंच लिहायचंय. ते खरं नाही का?"

"खरंच आहे. मी कुठे खोडलंय? त्याच्या खालचंही खरं आहे."

"खालचं कुणी विचारलेलं नाही."

"आज नाही. उद्या तिथे लग्न करायला उभी राहशील तेव्हा विचारतील. तेव्हा म्हणतील, या गावच्या ज्यू समितीने डोळ्यांवर कातडं ओढून कागद दिला."

भिंगरी दादा-मधलीच्या लहान भावाची, धाकट्याची, एकुलती एक मुलगी. वय सव्वीस. एका जागी उभी राहत नाही म्हणून आबांनी तिला हे नाव ठेवलं होतं आणि ते तिला चिकटलं. ती लोकांचे मोडलेले गुडघे आणि खांदे चालते करायचं काम करते. ज्या देशाने जगभरच्या ज्यूंना दार उघडं ठेवलंय, तिथल्या एका रुग्णालयाने तिला जागा देऊ केली होती. वकिलातीतली तिची वेळ गुरुवारी सकाळी दहाची. ही वेळ चुकली तर पुढची चार महिन्यांनी, आणि रुग्णालय चार महिने थांबणार नव्हतं. समितीचे अध्यक्ष लेकीकडे परगावी गेले होते. शिक्का आणि सही, दोन्ही चिटणिसाकडे. चिटणीस चौदा वर्षं दादाच होता.

"काका, शाळेत माझ्या बाकावर ज्यांनी ज्यूंना हिणवणारं ते चित्र काढलं," भिंगरी म्हणाली, "त्यांनी आधी माझ्या आईचं नाव विचारलं नव्हतं. आमच्या दारावर रंग फासला तेव्हाही नाही. त्यांना आबांचं आडनाव पुरलं. तुलाच तेवढं पुरत नाही."

"मग आम्ही कोण ते त्यांनी ठरवायचं का? आपल्याला शिव्या देणाऱ्यांनी?"

"नाही, तू ठरव. तुझ्याकडे शिक्का आहे ना."

मधली टेबलाशी बसून हे ऐकत होती आणि तिच्या गुडघ्यांना टेकून, टेबलाखाली, पत्र्याची एक लांब नळी उभी होती. सकाळी नऊपासून तिने ती तिथेच ठेवली होती. त्या नळीचा विचार करायचा नाही असं तिने ठरवलं होतं, आणि सकाळपासून दुसरा विचार केला नव्हता.

चारचाळीसला धाकटा आला, मागोमाग त्याची बायको. भिंगरीने फोन केला होता. धाकटा बसडेपोत वेळापत्रकं लावतो. त्यामुळे कुठेही आला की आधी घड्याळ बघतो. त्याने घड्याळ बघितलं, पत्र वाचलं आणि सगळ्यांना वाटलं होतं त्याच्या बरोबर उलटं बोलला.

"दादा, सही करू नकोस."

"बाबा," भिंगरी म्हणाली.

"नको करू म्हणतोय मी. तुझी ती ओळही नको आणि सहीही नको. माझा जन्म इथला, माझ्या बापाचा इथला. मतदान इथे, कर इथे, पाठीत मणका सरकलाय तोही इथल्याच बसमध्ये. लोक मला अजून विचारतात, तुमचा मूळ देश कुठला? वीस वर्षं मी सांगतोय, हाच. आणि माझीच पोरगी कागद घेऊन निघालीय की नाही, आमचा देश तो."

"मी तसं म्हणाले नाही."

"तुझा पासपोर्ट म्हणेल ना."

"तू तर सिनेगॉगची पायरी चढत नाहीस," दादा म्हणाला. "तुला यात बोलायचं काय कारण?"

"पायरी चढत नाही म्हणूनच बोलतो. मला विचारलंस तर ज्यू असणं म्हणजे सकाळी तिथे जाऊन उभं राहणं. तू राहतोस, तू ज्यू. मी सोडलं, मी नाही. संपलं. यात ना देश येतो, ना बापाचं रक्त."

"सोडून सुटत नाही ते. तू डुकराच्या गोठ्यात झोपलास तरी ज्यूच. आईच्या पोटातून आलंय."

"हे बरंय. मला नको तरी आहे आणि हिला हवं तरी नाही."

दादा आणि धाकटा आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच एका बाजूला उभे होते, आणि दोघांनाही ते सहन होत नव्हतं. मधलीला एरवी हसू आलं असतं.

धाकट्याची बायको दाराशीच उभी होती. या गाळ्यात तिला कुणी बस म्हणत नसे आणि तीही बसत नसे. आता मात्र ती आत आली, एका कोऱ्या दगडाला पाठ टेकली आणि म्हणाली, "भाऊजी, त्या ओळीत माझा उल्लेख आहे म्हणून विचारते. सत्तावीस वर्षं झाली. सासूबाईंच्या शेवटच्या आजारात त्यांचं अंग कोण पुसत होतं?"

"त्याबद्दल मी कधी काही म्हटलंय का?"

"नाही. तुम्ही कधीच काही म्हटलं नाही. आभारसुद्धा."

"विषय तो नाही."

"शुक्रवारचे दिवे कसे लावायचे, ताटं कोणती वेगळी ठेवायची, सगळं सासूबाईंनी शिकवलं मला. मी चुकले की म्हणायच्या, येईल गं, मलाही उशिरानेच आलं. मला वाटायचं, माझं मन राखायला म्हणतात."

मधलीने मान वर केली नाही. टेबलाची कड तिने दोन्ही हातांनी धरली होती.

आईला जाऊन दहा महिने झाले होते. वर्षाच्या आत दगड बसवायचा असतो. रविवार ठरला होता. या घरात एक रीत होती, दुसऱ्या कुठल्या घरात ती असायचं कारण नाही: दगड कोरणाऱ्याने स्वतःच्या आणि बायकोच्या दगडाचा कागद हयातीतच काढून ठेवायचा. फक्त तारखेची जागा रिकामी. दोन्ही कागद गुंडाळून पत्र्याच्या नळ्यांत, नळ्या माळ्यावर, आणि वेळ येईपर्यंत झाकण काढायचं नाही. आबांची नळी एकोणीस वर्षांपूर्वी उघडली होती. आईची मधलीने आज सकाळी उघडली, तारीख भरायला.

आबांचं अक्षर तिने लगेच ओळखलं. आईचं नाव. त्याखाली, जिथे प्रत्येक दगडावर बापाचं नाव येतं तिथे, 'आपला पिता अब्राहाम याची कन्या'. असे दगड तिने आजवर चार काढले होते. बाहेरून धर्मात आलेल्याला जन्मदात्याचं नाव लावत नाहीत, सगळ्यांच्या मूळ पुरुषाचं लावतात. नळीच्या तळाशी चौघडी घातलेला दुसरा एक कागद होता. जुन्या धर्मगुरूंची, रब्बींची, सही, दोन साक्षीदार, आणि 'सदर स्त्री स्नानविधी होऊन आज रोजी धर्मात आली'. आज रोजी म्हणजे दादाचा तिसरा वाढदिवस होऊन गेल्यावर पाच महिन्यांनी. मधली त्यानंतर वर्षाने जन्मली. धाकटा तिच्या मागून चार वर्षांनी.

आबा तरुणपणी खाणीच्या गावी कामाला गेले होते आणि चार-पाच वर्षांनी बायको नि चालतं-बोलतं पोर घेऊन परतले, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ती तिकडच्या ज्यू घरातली असणार हे सगळ्यांनी धरून चाललं होतं. आईने तसं कधी सांगितलं नव्हतं. तिला कधी कुणी विचारलंही नव्हतं.

दुपारी दादाने विचारलं होतं, कागद झाला का? मधली म्हणाली होती, नाही. तेव्हा तिचा बेत पक्का होता. आज काही बोलायचं नाही. उद्या भिंगरीचं काम होऊ दे. मग रात्री नाही तर परवा दादाला एकट्याला बसवून दाखवू. घाईची गोष्ट नव्हती; साठ वर्षं थांबली होती ती.

"दादा," मधली म्हणाली, "ती ओळ खोड आणि सही कर. मी सांगतेय म्हणून कर."

"तू सांगतेस म्हणून?"

"हो. कारण विचारू नकोस. घरच्या पोरीचं काम आहे."

दादाने हातातली छिन्नी फडक्यावर ठेवली. तो चिडला की आवाज चढत नसे. शब्द सुटे सुटे होत. "घरची पोरगी आहे. कोण नाही म्हणतं? आजारी पडली तर मी रक्त देईन. पण ती आमच्यातली नाही. माया वेगळी आणि नियम वेगळा. नियम मी केलेला नाही. मला तिची कीव येते म्हणून मी तो वाकवला, तर मी चिटणीस कशाचा? आईने आपल्याला जे दिलं ते हिच्या आईजवळ द्यायला नव्हतंच. त्याला मी काय करू?"

भिंगरीच्या आईने तोंड फिरवलं. ते मधलीने पाहिलं. दादाच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं, कीव होती, खरीखुरी. आणि त्या किवेनेच तिचं डोकं फिरलं. ती वाकली. टेबलाखालची नळी तिने ओढून काढली, झाकण उडवलं आणि आबांचा कागद पाटावर, पाण्यावरच, पसरला.

"घे. वाच. आईने तुला काय दिलं ते वाच."

कागदाने कडेने पाणी प्यायला सुरुवात केली. दादाने आधी तो उचलला, फडक्याने टिपला, मग वाचला. दगडांच्या माणसाला ती ओळ दुसऱ्यांदा वाचावी लागत नाही. त्याने हात पुढे केला. मधलीने चौघडीचा कागद त्याच्या हातात दिला. तिला तो फेकायचा होता, पण दिला.

गाळ्यात नळाचं पाणी ठिबकत होतं. कुणीतरी ते बंद करायला हवं होतं.

"काय आहे?" धाकट्याने विचारलं.

"आई बाहेरून आलेली होती," मधली म्हणाली. "दादा झाल्यावर धर्मात आली. तू आणि मी नंतरचे."

धाकट्याला समजायला दोन क्षण लागले, मग तो हसला. हसणं त्याला आवरेना आणि ते हसणं चांगलं नव्हतं. "म्हणजे मी ज्यू? मी? आणि हा नाही? अरे, चौदा वर्षं हा माणूस दारात उभा राहून तिकिटं तपासतोय आणि याच्याच खिशात तिकीट नाही."

"तोंड आवर," मधली म्हणाली.

"का आवरू? आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून."

"त्याने झाकलं नव्हतं. त्याला माहीतच नव्हतं."

"तुला कधीपासून माहीत?" हे भिंगरीने विचारलं.

"सकाळपासून."

"सकाळपासून. आणि आत्ता काढलंस." भिंगरी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. पहिल्यांदाच ती हलत नव्हती. "आत्या, उद्या दहाला मला कुणाची सही लागणार आहे?"

ते मधलीला नुकतंच दिसलं होतं. चिटणीस ज्यूच असावा लागतो, हे समितीच्या घटनेतलं पहिलं कलम. दादा जर ज्यू नसेल, तर शिक्का आहे, सही आहे, पण माणूस नाही.

"याची सही हवी होती मला," भिंगरी म्हणाली. "याला हरवायचं नव्हतं."

"भिंगरे, मी तुझ्यासाठी..."

"माझं नाव नको घेऊस. तुला त्याच्या तोंडावर मारायला काहीतरी हवं होतं. आजीचा कागद हाताशी आला."

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळे मधलीला राग आला. भिंगरीचा आला, मग आबांचा. आबांनी अक्षर काढताना एकदाही हात थरथरू दिला नव्हता. पोरांना सांगायचं धाडस नाही, म्हणून दगडाला सांगून ठेवलं. तेही कुणाच्या हातांनी? एका पोरीने तारीख भरायची आणि ज्याच्यापासून लपवलं त्याच पोराने ते कोरायचं.

"त्या कागदात मुलाबद्दल काही नाही," धाकट्याची बायको हळूच म्हणाली. ती दादाच्या खांद्यावरून वाचत होती. तो तिला थांबवत नव्हता. "आईबरोबर लहान मूलही धर्मात घेतात ना? त्याचंही स्नान करतात. सासूबाईंनीच मला सांगितलं होतं एकदा. उगाच कशाला सांगितलं असेल?"

"घेतलं असेल तर नोंद असते," दादा म्हणाला. "तीन माणसं लागतात. नोंद होते."

"मग नसेल घेतलं," धाकटा म्हणाला.

"किंवा वेगळी असेल नोंद." दादाने कागद पुन्हा चौघडीत घातला, जुन्याच घड्यांवर. "मला पाणी आठवतं."

तो पाटावरच्या पाण्याकडे बघत होता.

"थंड. आबांनी मला काखेत धरलंय आणि सोडलंय. डोकं आत गेलं. मी ओरडलो तर तोंडात पाणी. मला आजवर वाटत होतं, ते खाणीतलं तळं. तिथे आबा पोहायचे, आई सांगायची." त्याने मधलीकडे पाहिलं, तिने काही ठरवून सांगावं अशा नजरेने. "तळं असेल. तळंच असेल."

"दादा, बस जरा," मधली म्हणाली.

"आईसाठी रोज सकाळी प्रार्थनेला उभा राहतो मी. दहा महिने. ती म्हणायला दहा ज्यू पुरुष लागतात. मीच मोजतो. कित्येक सकाळी मोजून दहाच होतो आम्ही." त्याने बोटं पाहिली. "मोजताना मी स्वतःपासून सुरुवात करतो."

धाकट्याने तोंड उघडलं. बायकोने त्याच्याकडे पाहिलं. त्याने ते मिटलं, आणि जाऊन नळ बंद केला.

मधलीच्या मनात आलं, आता तो सही करेल. आता याला काय अडवणार आहे? माणूस स्वतः पडला की दुसऱ्याला ढकलत नाही. पण दादाने पत्र घेतलं ते खिशात घातलं, चौघडीचा कागदही त्यातच, आणि कमरेच्या जुडग्यातून एक किल्ली वेगळी केली. सिनेगॉगच्या कार्यालयात लोखंडी कपाट आहे. जुन्या रब्बींच्या नोंदवह्या त्यात आहेत. त्या कुणाला दाखवत नाहीत. दाखवायच्या की नाहीत हे चिटणीस ठरवतो.

"काका," भिंगरी म्हणाली, "वहीत काहीही असलं तरी आबा ज्यूच होते. माझ्या पत्रात तेवढंच आहे. वही बघायच्या आधी कर ना सही. आत्ता. अजून तू चिटणीस आहेस."

"तेच तर," दादा म्हणाला. "मी कोण म्हणून करू?"

"माझा काका म्हणून."

"त्या सहीला तिथे कुणी विचारत नाही गं," तो म्हणाला, आणि पाच वाजून पस्तीस मिनिटांनी एप्रन न काढताच बाहेर पडला.

नंतरचा एक तास चौघांनी गाळ्यातच काढला. धाकटा दोनदा म्हणाला, चला घरी, आणि दोनदा स्टुलावर बसला. त्याची बायको चहा करायला गेली आणि चार कप घेऊन आली. मधलीने आपला हातात धरून थंड होऊ दिला. भिंगरीने वकिलातीच्या यादीतली सगळी कागदपत्रं पुन्हा लावली आणि सहाव्या जागी एक रिकामं पाकीट ठेवलं. आत्याशी ती बोलली नाही.

"ती जाईलच," धाकटा मधलीला म्हणाला. "आज नाही तर चार महिन्यांनी. मला माहितीय. मला एवढंच हवं होतं की निदान मी तिला पोचवायला जाऊ नये."

"जाशील तू. गाडीची वेळही तूच काढून देशील," त्याची बायको म्हणाली.

पावणेसातला गाळ्यातला फोन वाजला. मधलीने उचलला.

"वही सापडली," दादा म्हणाला. मागे कार्यालयातल्या पंख्याचा आवाज येत होता. "त्या तारखेचं पानही आहे."

"काय लिहिलंय?"

तिला त्याचा श्वास ऐकू येत होता. दगडाची पूड जन्मभर छातीत गेलेल्या माणसाचा.

"आईच्या कागदावरची ती ओळ," तो म्हणाला, "आबांचीच ना? तू काही हात लावला नाहीस?"

"नाही. त्यांचीच आहे."

"मग ती तशीच राहील. कोपरा भिजलाय, तेवढा सपाट कर. तारीख भरून ठेव. सकाळी सहाला कोरायला घेतो."

"दादा, रविवारी सगळा समाज येणार आहे. सगळे वाचतील."

"दगड वाचण्यासाठीच असतो," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

भिंगरी समोर उभी होती. "पत्राचं काय म्हणाला?"

"काही नाही."

"तू विचारलंस?"

"नाही," मधली म्हणाली.

भिंगरीने बॅग खांद्याला लावली आणि ती फाटकापर्यंत गेली. तिथून रस्त्याच्या टोकाला सिनेगॉगची मागची बाजू दिसते, आणि कार्यालयाची खिडकी. मधलीने आबांचा कागद टेबलावर ओढला, भिजलेल्या कोपऱ्यावर दोन कोरी पानं आणि लोखंडी पट्टी ठेवली, पेन्सिलीला टोक केलं आणि तारखेचा पहिला आकडा काढला.

"दिवा चालू आहे," भिंगरी फाटकातून म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही.

सात वाजून वीस मिनिटांनी तो चालूच होता.